श्येना

मार्गशीर्षातली सकाळ पठारावर उतरली होती. दवाने जडावलेलं गवत, धुक्यात विरघळलेल्या निळ्या टेकड्या आणि त्या साऱ्यावर पसरलेलं फिकट, पोरकं ऊन. कारखान्याच्या मागच्या आवारात त्या उन्हात एक मोटारसायकल उभी होती. शेंदरी, तीक्ष्णमुखी, कृशकटी. झेपेच्या क्षणीच थिजलेल्या ससाण्यासारखी.

तिचा आराखडा करणाऱ्या वैजयंती दुणाखेने तिचं नाव श्येना ठेवलं होतं. श्येन म्हणजे ससाणा.

आधी ती माती होती. वैजयंतीने स्वतःच्या हातांनी तासलेली मऊ, तांबूस माती. वारा कुठे अडेल, कुठे घसरून जाईल, हे ती डोळे मिटून तळव्याने चाचपी. स्वाराचे गुडघे विसावावेत म्हणून टाकीच्या दोन्ही कुशी तिने खोलगट केल्या. मग माती गेली, पोलाद आलं. बारीक नळ्यांची जाळी, आणि त्या जाळीच्या उरात गर्जणारं, धगधगणारं इंजिन.

पहिल्या फेरीनंतर चाचणीस्वार हमीद शिकलगार हेल्मेट काढत म्हणाला होता, "मॅडम, पोरगी देखणी आहे, पण भरवेगात मान थरथरवते. भीती वाटते हो."

त्या थरथरीमागे वैजयंती ऋतूंमागून ऋतू धावली. पुढच्या चाकाचा कल बदलला, मागचं चाक आणखी मागे नेलं, इंजिन बोटभर पुढे सरकवलं. लग्न ठरता ठरता राहिलं, आई गेली, केसांत रुपेरी रेघ आली. आणि एका संध्याकाळी हमीद फेरी मारून परतला. नुसता हसत राहिला. थरथर गेली होती.

त्यानंतर कंपनी विकली गेली.

नव्या मालकांना स्कूटर हव्या होत्या, श्येना नको होती. रस्त्याची परवानगी नसलेलं यंत्र आवाराबाहेर जाता कामा नये, म्हणून ते कापून टाकायचं ठरलं. आज.

"एक फेरी तरी मारू द्या, साहेब," हमीदने व्यवस्थापक आपट्यांना विनवलं.

"टाकी रिकामी केलीय, हमीद." आपट्यांनी मान वळवली. श्येनाकडे पाहणं त्यांनाही जमत नव्हतं.

हमीद वैजयंतीजवळ आला. "मॅडम, तुम्ही कधी बसलाच नाहीत हिच्यावर."

खरं होतं ते. नियमाने फक्त चाचणीस्वार बसे. तिने दुरून पाहायचं, दुरून ऐकायचं.

"बसा. चाचणीच्या रस्त्याला उतार आहे. मी ढकलतो."

ती बसली. हमीदने खांदा लावला, चाकं हलली, उतार आला. गर्जना नाही, धग नाही. नुसती साखळीची कुजबुज आणि कानांशी वाहणारा गार, गार वारा. वळण आलं. वैजयंतीच्या मनात झुकायचं आलं न आलं, तोच श्येना झुकली. अलगद, निःशंक, जळावर झुकणाऱ्या फांदीसारखी.

आणि वैजयंतीला कळू नये ते कळलं. हिच्यात काहीच चुकलेलं नव्हतं. एखादी उणीव सापडती, तर तिच्या आधाराने दुःख तरी करता आलं असतं. पण ती निर्दोष होती. निर्दोष होती, आणि नको होती.

उतार संपला. वेग ओसरला. चाकं थांबली. ती तशीच बसून राहिली, ओणवी, मुठी आवळून.

हमीद धापा टाकत मागून आला. त्याने हॅण्डल धरलं. मग हलकेच म्हणाला, "उतरा, मॅडम. माणसं थांबलीत."

ती उतरली.

दुपारी कापणी झाली. निळी ज्योत नळीला लागली. शेंदरी रंगाला फोड आले, फोड काळवंडले, ठिणग्यांची फुलं उधळली, विझली. "घरी जा तुम्ही," आपटे म्हणाले. ती गेली नाही. एकेक नळी सुटत गेली, खणखणत फरशीवर पडत गेली. मग माणसं जेवायला गेली.

वैजयंती एका तुटल्या टोकाशी बसली. टोक अजून तापलेलं होतं. आधी लाल. मग तांबूस. मग राखी.

मग नुसतं लोखंड.