कपाळावरची आठी

"सिस्टर, खरं सांगा, सापाचं जहर टोचतात ना यात?" इंदिराबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरत विचारलं.

सुमंगलाला हसू आलं. देवासच्या त्या त्वचेच्या दवाखान्यात ती नर्स होती. इंदूरहून डॉक्टर नीरजा सुरकुत्यांची इंजेक्शनं द्यायला येऊ लागल्यापासून दर रविवारी हा साप निघायचाच.

"साप कुठला हो! एका जंतूपासून काढलेलं औषध, तेही कणभर. यानं सुरकुती भरत नाही, कातडी ताणत नाही. नस स्नायूला आवळायला सांगते ना, तो निरोप अडतो."

"मग जन्मभर पुतळ्यासारखी बसू?"

"जिथं टोचलं तेवढंच सैल पडतं. तीन-चार महिन्यांत पुन्हा हलायला लागतं. आणि आज घरी जाऊन आरसा घेऊन बसू नका, चार-पाच दिवस जातात."

इंदिराबाई गेल्या तेव्हा बाटलीत थोडं औषध उरलं होतं. उघडलेली बाटली ठेवता येत नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "बस तू. रागव बघू."

भुवयांमध्ये दोन खोल आठ्या उमटल्या. "बाप रे! कोणावर रागावतेस एवढी?"

नवऱ्यावरच, बापूंवर, दुसरं कोण! कारखान्यातल्या प्रेसच्या दणक्यांनी बापूंचे दोन्ही कान गेले, त्याला चौदा वर्षं झाली होती. ते तिचे ओठ वाचायचे. शब्द ओठांवरून कळत, शब्दांमागचं मन कपाळावरून. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फुकट मिळणाऱ्या गुळगुळीत कपाळाचा मोह पडला खरा, आणि तिनं टोचून घेतलं.

पुढच्या रविवारी बापूंनी विचारलं, "तुकोजीरावाच्या मोटरसायकलवर लोहारद्याला जाऊन येऊ?" स्वतःचा गुडघा सुजलेला, आणि यांना मित्रामागं बसून परगावची भटकंती सुचतेय!

"जा ना, खुशाल जा!" ती कडाडली.

बापू खुशाल गेले. संध्याकाळी लंगडत आले आणि वर म्हणाले, "तूच तर जा म्हणालीस!"

तिनं कॅलेंडरच्या पाठीवर सगळं लिहून दाखवलं. बापू जन्माचे फिटर. त्यांनी तिचं कपाळ उजेडात धरलं, अंगठ्यानं चाचपलं. "म्हणजे मोटर ठीक, वायर ठीक, फक्त करंट नाही पोचून राहिला. असंच ना?"

तिनं मान हलवली.

"येईल ना परत?" हे मात्र त्यांनी फिटरसारखं विचारलं नाही.

मग प्रत्येक वाक्याला सुरू झालं, "हे रागानं म्हणालीस की लाडानं?" ती सांगे. पण सांगून आलेला राग कसला आणि लाड तरी कसला! हळूहळू बापू विचारेनासे झाले. जेवताना ताटाकडे बघत राहायचे. शेजारणी म्हणत, सुमंगला किती तरुण दिसते! ऐकून तिला रडू यायचं. दवाखान्यात दहा जणींना समजावणारी ती, रोज सकाळी आरशासमोर रागावून बघायची.

चौथा महिना सरत आला. बापू दारात बूट चढवत होते. "लोहारद्याला जाऊन येतो."

"जा, खुशाल जा!"

बापूंनी मान वर केली आणि बघतच राहिले. मग एक बूट काढला, दुसराही काढला.

"आलीस?" ते म्हणाले.

भुवयांमध्ये पुसटशी रेघ उमटली होती. सुमंगलानं डोळ्यांवरचा चष्मा काढला, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून तसाच राग धरून उभी राहिली.