गूळ, पाणी

आठल्ये सरांनी पहार पुन्हा उचलून कातळावर घातली. ठिणगी उडाली, दगडाचा एवढासा कपचा निघाला आणि पहार हातात झणाणली. वर काठावरून पेंडसेने वाकून विचारलं,

"काही ओल, सर?"

"घाम आहे माझा."

पोरं हसली, पण थोडीच. मुंबईच्या कॉलेजातली ही मुलं सुट्टीत श्रमदानासाठी उमरठच्या वरच्या अंगाला या वाडीत आली होती. वाडीला विहीर नव्हती. बायका खालच्या घळीतल्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणत. साळूबाईची सून आवडी दिवस भरत आले तरी तीच घळ चढत होती. नवी विहीर खणताना दोन पुरुष खोल गेल्यावर काळा पाषाण लागला, आणि तेव्हापासून रोज नुसता भुगा निघत होता. उद्या सकाळी निघायचं होतं. पुढल्या वर्षी शिबिर दुसऱ्या तालुक्यात, हे कॉलेजने आधीच ठरवलं होतं.

दिवेलागणीला देवळात हैबतीबुवांचं कीर्तन झालं. बुवा वाडीतलेच, दिवसा नांगर धरणारे. पण गळ्यात वीणा आली की म्हातारा वेगळाच दिसे. त्यांनी भगीरथाचं आख्यान लावलं. सर खांबाला टेकून खाली मान घालून बसले होते. तळहातांना फडकी गुंडाळलेली. गंगा उतरायच्या जरा आधी बुवांनी चाल थांबवली आणि साध्या बोलण्यात म्हणाले,

"भगीरथाचं नाव समदे घेतात. पन त्याचा आजा तप करून गेला, बाप तप करून गेला. दोघांना थेंब दिसला नाय. म्हनून त्यांचं तप वाया गेलं काय रे?"

टाळ पुन्हा वाजू लागले. सरांनी फडक्याने डोळे पुसले. शेजारी बसलेल्या पेंडसेने दुसरीकडे पाहिलं.

सकाळी पोरांच्या आरोळीने सर जागे झाले. विहिरीच्या तळाशी पाणी होतं. घोटाभर, पण पाणी. पेंडसे आत उतरून पायाने ते उडवत होता.

"लागलं, सर. आपण झोपलो आणि लागलं."

वाडीची माणसं काठावर जमली होती. बायका तोंडाला पदर लावून एका बाजूला. हैबतीबुवांनी पोरांच्या कपाळाला एकेक करून बुक्का लावला. सर दोराला धरून खाली उतरले. पाणी दगडाच्या भुग्याने जरासं गढूळलं होतं. एका बाजूची भिंत काठापासून तळापर्यंत ओली होती. बाकीच्या भिंतींवर कालची धूळ तशीच. सरांनी त्या ओल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि वर आले.

पोरं वळकट्या बांधू लागली. पोलादपूरपर्यंत चालत जाऊन गाडी धरायची होती. सर निरोप घ्यायला साळूबाईच्या दारात गेले. आल्या दिवसापासून ती त्यांना आधी गूळ आणि पाण्याचा तांब्या देई, मग बोले. आजही तिने वाटीत गुळाचा खडा आणला. सरांनी तो तोंडात टाकला आणि हात पुढे केला. तांब्या आला नाही.

"पाणी, साळूबाई?"

ती चुलीकडे वळली. "ल्हान पोर निजलाय, मास्तर, हळू बोला." मग चुलीतलं लाकूड सारत, "आता हिरीचंच पिऊ की समदी. तुमच्या हातचं."

सरांची नजर आत गेली. उतरंडीची मडकी पालथी होती, वरचा हंडाही. शेजारच्या पडवीतही तसंच. गूळ तोंडात विरघळत होता आणि घसा कोरडा पडत होता.

"हे का केलंत?"

साळूबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पोरांचे हात सोलले, मास्तर. लोकाची लेकरं. रिकाम्या मनानं कशी धाडायची?"

मागच्या दारातून आवडी निघाली होती. कमरेवर रिकामा हंडा, डोक्यावर चुंबळ, दुसरा हात भिंतीला. घळीच्या वाटेला.

"आवडे," सरांनी हाक मारली. "तिकडे नको गो. हंडा इकडे आण."

विहिरीवर पोरं पाठीला वळकट्या लावून उभी होती.

"तुम्ही निघा," सर म्हणाले. "पेंडसे, सगळ्यांना गाडीत बसवून दे."

"आणि तुम्ही?"

"गाळ काढायचा राहिलाय."

"सर, कॉलेज सोमवारी उघडतं. तोवर तुम्ही—"

"उशीर होतोय, निघा."

पोरं गेली, उतारावर गात. विहिरीचं गाणं त्यांनी वळकट्या बांधता बांधताच रचलं होतं. ते ऐकू येईनासं होईपर्यंत सर काठावर थांबले. मग खाली उतरून त्यांनी तांब्याने पाणी हंड्यात भरायला सुरुवात केली. वर हैबतीबुवा दोर ओढत. एकेक हंडा वर जाई, बायका फडक्यातून गाळून घेत आणि कुणी कुणाकडे न पाहता आपापल्या घरी नेत. आवडी काठावर बसून राहिली होती.

शेवटचा तांब्या खरवडून निघाला. तळ उघडा पडला.

"मास्तर," बुवांनी वरून हाक दिली, "वर येता?"

"पहार सोडा."

बुवांनी दोराला पहार बांधून खाली सोडली. मग धोतराचा काचा मारला, दुसरी पहार खांद्यावर घेतली आणि दोर साळूबाईच्या हातात दिला.

"घट धर गो," ते म्हणाले, आणि उतरू लागले.