सोमवारचं पाणी

रामभाऊ गायकवाड दर सोमवारी सकाळी गाडीच्या बॅटरीत पाणी घालत. बावीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. सहाही झाकणं उघडायची, आत डोकावायचं, जिथे पातळी उतरली असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवायची आणि वर बोटभर व्हॅसलिन. अंबरनाथच्या एका रंगकारखान्याचे मालक चिंतामणी साहेब यांची अँबॅसिडर त्यामुळेच एका चावीत सुरू होई. साहेब पाहुण्यांना सांगत, "रामभाऊंसारखा ड्रायव्हर मिळायला नशीब लागतं." नशीब साहेबांचंच होतं, हे मात्र खरं.

पंचाण्णवच्या दसऱ्याला साहेबांच्या बंगल्यावर परदेशी गाडी आली. कुठल्याशा वकिलातीने वापरून विकलेली, पण ते साहेब कुणाला सांगत नसत. पूजा झाली, आणि साहेब चार माणसांसमक्ष म्हणाले, "रामभाऊ, मार्चमध्ये तुम्ही रिटायर होणार. ही अँबॅसिडर तुमची. टॅक्सी काढा, मजेत राहा."

रामभाऊंचे डोळे भरून आले. पेन्शन नाही, मूलबाळ नाही, उद्या खायचं काय या विचाराने त्यांची झोप उडाली होती. तो घोर साहेबांनी एका वाक्यात मिटवला. त्यांच्या बायकोने, शालनने, त्याच आठवड्यात मशीनवर बसून सीटची निळी कव्हरं शिवली, आणि साहेबांना विचारून रामभाऊंनी ती अँबॅसिडरला चढवलीसुद्धा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर आमच्या गाडीवर असणार, असं शालन गल्लीभर सांगून आली.

नव्या गाडीच्या बॉनेटला हात लावायचं धाडस रामभाऊंना तीन महिने झालं नाही. पण जानेवारीतल्या एका सोमवारी ती सुरू होताना कुरकुरली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि चक्रावलेच. बॅटरी होती, पण झाकणंच नव्हती. नुसता सपाट काळा डबा आणि वर परक्या भाषेतला स्टिकर. बिनपाण्याची बॅटरी असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. झाकणं स्टिकरखाली असणार, असा हिशेब करून त्यांनी स्क्रूड्रायव्हर घातला आणि जोर लावला. वरचं पत्र्यासारखं प्लास्टिक टचकन फुटलं. तरी त्यांनी फटीतून पाणी ओतलं, फट बुजवली. तहानलेल्या बॅटरीला तसंच सोडणं त्यांच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विमानतळावर पाहुणे आणायला जायचं होतं. गाडीने हूं की चूं केलं नाही.

मुंबईहून मेकॅनिक आला. रामभाऊ गप्प बसू शकले असते, पण ते स्वतः पुढे झाले. "साहेब, मीच उघडली. पाणी घालायला."

मेकॅनिक हसला. "सील्ड बॅटरी आहे ही, काका. पाणी लागत नाही. पण साहेब, ही तशी पण जुनी होती. महिना-दोन महिने चालली असती फार तर. बाहेरून मागवायची तर ड्यूटीसकट सव्वीस हजार. नाहीतर आपली इथली बसवतो, तीन हजारांत. बॅटरी धरणारी पट्टी थोडी बदलावी लागेल, बाकी गाडीला काय फरक पडत नाही."

"या गाडीत देशी बॅटरी?" साहेब म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

बॉनेट उघडून बघणारे लोक कोण, हे विचारायची कुणाची छाती होती? मेकॅनिक गेल्यावर साहेब रामभाऊंकडे वळले. "तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

बावीस वर्षांत साहेबांनी त्यांना पहिल्यांदा अरेतुरे केलं. सव्वीस हजारांचा आकडा रामभाऊंच्या कानावरून गेला, पण हे काळजात घुसलं.

"अँबॅसिडर विकून टाकू," साहेब म्हणाले. "खर्च भरून निघेल."

साहेबांच्या पत्नी, कुमुदिनीबाई, दारात उभ्या होत्या. "अहो, त्यांना शब्द दिलाय तुम्ही."

"शब्द दिला तेव्हा याने माझी बॅटरी फोडली नव्हती."

बाई आत गेल्या. शब्द मोडायला एक फुटकी बॅटरी पुरते, हे रामभाऊंना त्या दिवशी कळलं.

गाडी उल्हासनगरला पोचवायचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं. जुन्या गाड्यांचे व्यापारी लछमनदास यांच्याशी एकोणतीस हजारांत बोलणी झाली होती. लछमनदासनी गाडीभोवती फेरी मारली, दारं आपटून बघितली, मग बॉनेट उघडलं आणि थबकले.

"अरे साईं, ये बैटरी कौन संभालता था?"

"मीच. दर सोमवारी."

"इतनी साफ बैटरी पुरानी गाडी में मैंने नहीं देखी." त्यांनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. "दो हजार ऊपर से देता हूं. ईमान की बात है. और ये कव्हर?"

रामभाऊंना वाटलं, निदान कव्हरं तरी काढून न्यावीत. पण बिनगाडीची कव्हरं शालनच्या पुढ्यात टाकायची हिंमत त्यांना झाली नाही. "असू द्या," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी एकतीस हजारांचं पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी दोनदा मोजलं. "हे दोन हजार जास्त कसले?"

"अँबॅसिडरच्या बॅटरीचे. चांगली राखली म्हणून दिले शेठनी."

साहेब खूश झाले. त्यांचा सूरही पहिल्यासारखा झाला. "बघा रामभाऊ, तुमची मेहनत वाया गेली नाही." त्यांनी गड्डीतली शंभराची एक नोट काढली. "हे घ्या. तुम्हाला बक्षीस. फक्त नव्या गाडीच्या बॅटरीला हात लावू नका."

रामभाऊंना ती नोट साहेबांच्या तोंडावर फेकायची होती. शब्दही जिभेवर आले होते. पण बावीस वर्षांत साहेबांनी पुढे केलेलं काही त्यांनी कधी नाकारलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप पुढे झाला, नोट कपाळाला लागली आणि खिशात गेली.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांना साहेबांचा राग येईना. राग आला तो त्या हाताचा.