लेकीच्या गाडीची टकटक

माझी लेक पंचशीला नोकरीला जर्मनीला गेली आणि तिची इलेक्ट्रिक गाडी परळीत आमच्या दारात राहिली. आज बटण दाबलं तर नुसतीच टकटक, गाडी सुरूच होईना. वैतागून मी प्रवीण मिस्त्रीला बोलावलं.

"काका, गाडी पळवणारी मोठी बॅटरी भरलेली हाय, स्क्रीन-बटणाची बारकी उतरलीय. रोज कोणतरी स्क्रीन चालू करून आत बसतंय."

"कोण बसणार बे? चावी घरात असते."

माझी बायको जाईबाई हळूच म्हणाली, "मीच. थर्मलची उडून बसलेली राख पुसायला जाते अन् बसते जरा. स्क्रीनवर लेकीचं नाव येतं."

प्रवीणनं बारकी बॅटरी चार्ज केली. गाडी सुरू झाली, नाव उमटलं.

"काका, इथं आता तुमचं नाव टाकू?"

"त्याला हात लावायचा न्हाई," मी म्हणालो.