झिऱ्याचा दाखला

सविताच्या फाइलीत सहा कागद जमले होते. सातवा तेवढा बाकी होता, आणि सगळं घोडं त्याच्यावरच अडलं होतं.

हरसूलपासून पाऊण तासाच्या चालीवर, डोंगराच्या कुशीत त्यांचा पाडा. भात निघाल्यावर रिकाम्या होणाऱ्या खाचरात चार तंबू लावायचे, असा बेत सविताने २००६ च्या पावसाळ्यात मांडला. ती नाशिकहून बी.एस्सी. होऊन आली होती. तिथल्या गिर्यारोहण मंडळाने आपले जुने तंबू वापरायला दिले आणि डिसेंबरपासून दर शनिवार-रविवारी माणसं पाठवायचंही कबूल केलं. अट एकच, सगळं कायदेशीर हवं.

मग सविता कागदांच्या मागे लागली. सातबारा वडिलांच्या, मंगळूच्या नावावर होता, तो निघाला. शेजाऱ्यांचे अंगठे झाले. हरसूलच्या पोलीस ठाण्यात पाहुण्यांची वही ठेवायची लेखी हमी दिली. संडासाच्या खड्ड्याचा नकाशा तिने स्वतः काढला, पाण्यापासून उताराच्या बाजूला साठ पावलं. तहसीलमध्ये पक्कं बांधकाम करणार नाही असं लिहून दिलं. रान लागूनच, म्हणून वनरक्षकही येऊन गेला.

"खुंटी जमिनीत किती जाते?" त्याने विचारलं होतं.

मंगळूने खुंटी उपसून स्वतःच्या वितीला लावली. "एवढी. आमची शेळी बांधतो ती याच्यापरीस खोल जाते, साहेब."

"मग शेळीचीच परवानगी आधी काढा," वनरक्षक हसून म्हणाला आणि सही करून गेला.

राहिला पाण्याचा दाखला. प्यायचं पाणी तपासलेलं असल्याशिवाय ग्रामपंचायत ना हरकत देणार नव्हती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी स्पष्टच सांगितलं, "तीस नोव्हेंबरच्या मासिक सभेत कागद पाहिजे. ती हुकली की पुढच्या दोन सभा दुसऱ्याच कामांत जातात, सरळ फेब्रुवारीत बघू."

फेब्रुवारीला काही अर्थ नव्हता. दिंडोरीकडचा मुकादम नोव्हेंबर सरता सरता पिकअप घेऊन येई आणि अर्धा पाडा द्राक्षांच्या कामाला जाई, तो पार उन्हाळ्यापर्यंत. मंगळू आणि तानुबाई लग्न झाल्यापासून जात होते. सविताची शाळा आश्रमशाळेत झाली ती त्यामुळेच. आईबापांना तिने हिवाळ्यात घरी असं कधी पाहिलंच नव्हतं. यंदा ते घरी राहावेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि प्रयोगशाळेचा कागद आला तो 'पाणी पिण्यास अयोग्य' असा.

कागद घेऊन आला आरोग्यसेवक दत्तू. पाड्यावर त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. नमुना त्यानेच नेला होता, बर्फात ठेवून, त्याच दिवशी नाशिकला पोचवला होता.

"जंतू लय निघाले," तो हळूच म्हणाला. "खरं सांगू, मलाही पटेना. खडकातून येतंय पाणी."

सवितालाही पटेना. झिरा म्हणजे उंबराखालच्या खडकाची एक चीर. तिच्यातून मनगटाएवढी धार येई आणि दगडांनी बांधलेल्या कमरेएवढ्या खड्ड्यात साठे. वर वस्ती नाही, गोठा नाही. संडासाचा खड्डा तर अजून खणलाही नव्हता.

ती झिऱ्यावर जाऊन बसली. दत्तू नमुना न्यायला आला तो दिवस तिने पहिल्यापासून आठवून पाहिला. सोमवार होता. सकाळी आई तिच्याआधीच उठून झिऱ्यावर गेली होती. सरकारी माणूस पाणी न्यायला येणार, त्याला असंच कसं उभं करायचं, म्हणून तानुबाईने झिऱ्याची सगळी कड ताज्या शेणाने सारवली होती. त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके काढले होते. दत्तू खड्ड्यातलं पाणी घ्यायला त्या ओल्या कडेवर टेकूनच वाकला होता. बायकांनीही रोजच्यासारखे कडेवर हंडे टेकवले आणि तेच बुडवून भरले होते.

सविताने डोक्याला हात लावला.

दत्तूला तिने सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला. "दुसरा नमुना वीस तारखेला नेतो. पण तुझी आई परत सारवणार बघ. असं कर, त्या दिवशी त्यांना काहीतरी काम काढून हरसूलला धाड."

मंगळूलाही ते पटलं. "सांगू नको तिला. जीवाला लावून घेईल."

पण सविताचं मन घेईना. शिवाय नुसता अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हे बी.एस्सी.च्या तीन वर्षांत तिच्या अंगी भिनलं होतं. तिने दत्तूकडून पाणी तपासायच्या तीन छोट्या बाटल्या मागून घेतल्या. पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाणी खराब असेल तर दिवस-दोन दिवसांत काळं पडतं. एका बाटलीत तिने खड्ड्यातलं पाणी घेतलं, दुसरीत थेट चिरेतल्या धारेचं, तिसरीत उकळून गार केलेलं. बाटल्यांवर खुणा करून चुलीमागच्या पेंढ्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तानुबाईनेच हाक मारली. "सविता, तुझ्या एका बाटलीला काय झालं गं? शाई वतली का काय?"

सविता धावत आली. एक बाटली काळीकुट्ट झाली होती. बाकी दोन होत्या तशा होत्या.

"ही कुठली?"

"खड्ड्यातली."

"आन ही?"

"धारेची. खडकातून येते ती."

तानुबाईने दोन्ही बाटल्या दारात नेऊन उन्हात धरल्या. "एकच पाणी हाय की. खडकातून निघून खड्ड्यात पडतंय. मधी काय झालं?"

सविताने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग सांगून टाकलं. शेणातले जीव, ओली कड, कडेवर टेकलेले हंडे. सांगताना ती आईकडे न बघता बाटल्यांकडेच बघत होती.

तानुबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत पुढे सारलं.

"म्हंजे मीच घाण केली."

"आई, तू चांगल्यासाठीच..."

"ऱ्हाऊ दे. मला एक सांग. पोळ्याला आम्ही झिरा सारवतो. दसऱ्याला, दिवाळीला सारवतो. आन दर सणाच्या दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या पोरांची पोटं बिघडतात. आम्ही म्हणायचो, गोडधोड लय खाल्लं."

सविता तिच्याकडे बघतच राहिली. हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"गोडधोड खायला होतंच कुठं तेवढं," तानुबाई म्हणाली आणि उठली.

त्याच संध्याकाळी मायलेकींनी खड्डा उपसला. दगड काथ्याने घासले, कडेचं सारवण खरवडून लांब खाचरात नेऊन टाकलं. मंगळूने बांबू चिरून पन्हळ केली आणि चिरेत बसवली. आता धार बाहेर पडे ती थेट हंड्यात. खड्ड्यात काही बुडवायची गरजच उरली नाही. मग दत्तूने दिलेली जंतुनाशक पावडर मोजून टाकली आणि खड्डा पुन्हा भरू दिला.

वीस तारखेला दत्तू यायच्या आधीच शेजारची कुसाबाई शेणाची पाटी घेऊन झिऱ्याशी हजर. तानुबाई वाटेतच उभी राहिली.

"इथं नाय सारवायचं, कुसा."

"साहेब येतो आन कोरड्या दगडावर उभा करायचा? पाड्याची लाज काढती का?"

"अंगण सारव तुझं. तिथं बसवून चा पाज त्याला. पण झिऱ्याला हात लावू नको."

"पोरगी शिकली नि आईला शाणपण आलं!" कुसाबाई फणकारली.

"आलं," तानुबाई म्हणाली. "उशिरा आलं. तुझ्या नातवाचं पोट दिवाळीत किती दिवस बिघडलं व्हतं, सांग?"

कुसाबाई पाटी डोक्यावर घेऊन मागे फिरली. पण दत्तूने चहा तिच्याच अंगणात घेतला.

नमुना गेला. कागद यायला किती दिवस लागतील, हे दत्तूलाही सांगता येईना. सव्वीस तारखेला पिकअप मात्र आली. मुकादम खाली उतरला. पाड्यातली माणसं बोचकी घेऊन चढायला लागली.

"मंगळू, चल रे! यंदा उशीर झालाय, द्राक्षांची विरळणी खोळंबलीय."

मंगळूने सविताकडे पाहिलं. आत्ता गेले नाहीत आणि दाखला आला नाही, तर तंबूही गेले आणि कामही गेलं. तिच्या बाटलीत स्वच्छ राहिलेलं पाणी प्रयोगशाळेतही तसंच निघेल, असं तिला वाटत होतं. पण वाटणं आणि माहीत असणं यात फरक असतो. जा म्हणावं की राहा म्हणावं, तिला ठरवता येईना.

"आम्ही नाय येत, दादा," तानुबाई पुढे होऊन म्हणाली. "तंबू टाकतोय."

"परवानगी आली का?"

"यायचीय."

"आन नाय आली तर? मी परत येणार नाय हां. माणसं भरली की गाडी बंद."

"पाणी चांगलं हाय. मी सोता उन्हात धरून पाह्यलंय. कागदवाल्यांना दोन दिवस जास्ती लागत असतील."

मुकादमाने मंगळूकडे बघितलं. "हिचं ऐकणार?"

"तिनं नाय म्हटल्यावर मी कुठं एकटा येऊ?" मंगळू म्हणाला. "भाकऱ्या कोण थापणार?"

पिकअपमधली माणसं हसली. गाडी धूळ उडवत उतारावरून निघून गेली. तानुबाई तोंडाने ठाम बोलली होती, पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिने दारातल्या लाकडी मेढीला घट्ट धरून ठेवलं होतं. सविताही तिच्याशेजारी तशीच उभी राहिली.

तीस तारखेला मासिक सभा सुरू होऊन अर्धा तास झाला होता. ग्रामसेवक पुढचा विषय वाचायला लागले, तेवढ्यात दत्तूची मोटारसायकल पंचायतीच्या दारात थांबली. त्याने कागद सविताच्या हातात न देता थेट टेबलावर ठेवला. भाऊसाहेबांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

"पाणी पिण्यास योग्य."

ना हरकतीवर शिक्का बसला. सविताने सातवा कागद फाइलीत लावला, आणि बाहेर आल्यावर तिला एकदम रडूच आलं. मंगळू तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

बाहेर थांबलेल्या तानुबाईला मात्र आता भलतीच काळजी लागली होती.

"पहिल्यांदा किती येणार म्हणाली?"

"वीस."

"आन नागलीची भाकर खातील ना गं ती शहरातली?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता, ती झपाझपा घराकडे चालू लागली. वीस माणसांचं दळण अजून दळायचं होतं.