मोदूची कोरडी टाकी

आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा असतो. आठ-नऊ दिवसांनी एकदा येतं, तेही तासभर. त्या दिवशी लोक रजा टाकतात, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतात. हर्सूल रस्त्यावरच्या एका चार मजली अपार्टमेंटमध्ये हा सगळा कारभार सर्जेरावांच्या हातात होता. प्रत्येक फ्लॅटची टाकी गच्चीवर वेगळी, तिचा कॉक वेगळा आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरी म्हणून सर्जेरावांच्या खिशात. मोटर सुरू करून ते घड्याळ लावून एकेक कॉक फिरवत. शेंद्र्याच्या कारखान्यात वीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढलेली. शिस्त अंगात मुरलेली. ‘सर्जेराव आहेत म्हणून पाण्यावरून भांडणं नाहीत,’ असं शेजारणी म्हणत, आणि ते ऐकून त्यांना मनातून फार बरं वाटे.

तिसऱ्या मजल्यावर मोदू राहत होता. आफ्रिकेतल्या सेनेगल देशाचा, सहा फूट नऊ इंच उंचीचा. सतराव्या वर्षी बास्केटबॉलसाठी त्यानं घर सोडलं. स्पेन, लेबनॉन, तुर्कस्तान असं करत, कुठं दोन वर्षं तर कुठं जेमतेम एक हंगाम खेळत, तो इथल्या एका कारखानदारानं हौसेनं काढलेल्या संघात आला. पहिल्याच हंगामात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं. संघानं त्याच्या जागी दुसरा गडी आणला, फ्लॅट मात्र वर्षभर ठेवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, “ओझं घेऊन जिने चढायचे नाहीत. जपलंस तर खेळशील. पुन्हा फाटलं, तर खेळ विसर!” मोरोक्कोच्या एका क्लबनं त्याला दीड महिन्यानं चाचणीला बोलावलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी ती शेवटचीच संधी होती.

आणि नेमकं तेव्हाच अपार्टमेंटच्या ग्रुपवर कुठल्यातरी दूरच्या शहरातला एक व्हिडिओ फिरला. त्यात पोलिसांनी पकडलेला माणूस काळा होता, मोदूही काळा. सुशिक्षित माणसांना पुरावा म्हणून तेवढं पुरलं! मग त्याच्या स्वयंपाकाला वास येऊ लागला, मुलं त्याला घाबरू लागली. हीच मुलं महिनाभरापूर्वी त्याच्याकडून चेंडू बोटावर फिरवायला शिकत होती.

चेअरमन नानासाहेबांनी सर्जेरावांना चहाला बोलावलं.

“नोटीस दिली की बोभाटा व्हतो,” ते म्हणाले. “आपल्याला कुठं त्याला हाकलायचंय? तुम्ही फक्त त्याचा कॉक फिरवू नका. पाण्याबिगर किती दिस राहील? आपसूक जाईल.”

सर्जेरावांना ते पटलं नाही. पण सगळ्यांशी वाईटपणा कोण घेणार? त्यांनी मान डोलावली.

त्या पाण्याच्या दिवशी त्यांनी पंधरा कॉक फिरवले आणि सोळावा तसाच सोडला. संध्याकाळी मोदू लंगडत खाली आला. संघातल्या पोरांकडून तो मोडकीतोडकी हिंदी शिकला होता.

“चाचा, मेरा टाकी खाली है.”

“पाइप में हवा पकड्या,” सर्जेराव त्याच्या छातीकडे बघत म्हणाले. “अगली बार आता पानी.”

“कोई बात नहीं, चाचा,” मोदू हसून म्हणाला.

पुढच्या वेळीही पाइपात हवाच निघाली. मोदू कोपऱ्यावरच्या टँकरवरून वीस लिटरचे जार भरून आणू लागला. एक पायरी चढायची, थांबायचं, जार पुढच्या पायरीवर ठेवायचा, पुन्हा चढायचं. सर्जेराव दाराच्या भिंगातून ते पाहत आणि टीव्हीचा आवाज वाढवत. मी कुणाचं काय केलं? काहीच तर केलं नाही, असं ते स्वतःला सांगत.

पहिल्या मजल्यावर, सर्जेरावांच्या समोरच मुक्ताबाई राहत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. संधिवातानं त्यांना स्वतःलाच जिना चढवत नसे, पण त्यांनी मोदूला जार नेताना पाहिलं, कारण विचारलं आणि तडक सर्जेरावांचं दार वाजवलं.

“भाऊ, हवा दोन पाळ्या राहत नसती पाइपात. खरं सांगा.”

सर्जेराव म्हणाले, “सगळ्यांनी मिळून ठरवलं, मुक्ताबाई. मी एकटा काय करणार?”

“ठरवलं सगळ्यांनी, पण कॉक कुणाच्या हातात व्हता?” मुक्ताबाई खुर्चीत बसल्या. “मी लहान असताना माझी माय गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन बसायची. आम्हाला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून वतलं तर पाणी. मारलं नाय कुणी, शिवी बी दिली नाय. लई सज्जन माणसं! कुणी पंचांचं नाव सांगायचं, कुणी रीतीचं. आन् माय उन्हात बसलेली. पुढं नोकरी लागून या शहरात आले, तर आडनाव ऐकून खोली मिळंना. आज तुम्ही त्या पोराचा रंग बघितला. भाऊ, पाणी तोडणारा माणूस कसा दिसतो, हे मला चांगलं ठावं हाय. तो तुमच्यासारखाच भला दिसतो!”

सर्जेरावांचा चेहरा उतरला. त्यांना लाज वाटली, खरोखर वाटली.

“येत्या पाण्याला पहिला त्याचा कॉक फिरवतो,” ते म्हणाले.

“आन् तोवर?”

“तोवर नळाला पाणी कुठंय?”

“तुमच्या टाकीत हाय की. दोन बादल्या उचलून द्या.”

“देतो, देतो,” सर्जेराव म्हणाले. पण दिवसाउजेडी बादली घेऊन जाताना नानासाहेबांनी पाहिलं तर, या विचारानं त्यांनी तो दिवस टाळला आणि दुसराही टाळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात धाडकन आवाज झाला. सर्जेराव धावले. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं आणि मोदू भिंतीला टेकून बसला होता. गुडघा नको त्या बाजूला वळला होता. तो ओरडत नव्हता, नुसता त्या गुडघ्याकडे बघत होता.

“चाचा, सॉरी,” तो म्हणाला. “जिना गीला हो गया.”

अरेरे! माफी कुणी मागायची आणि मागत कोण होतं!

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो पाहून सांगितलं, आता खेळ विसरायचा. मोरोक्कोच्या क्लबनं दोन ओळींचं पत्र पाठवून शुभेच्छा दिल्या. सर्जेराव रोज डबा घेऊन जात. चौथ्या दिवशी त्यांनी दोन्ही हात जोडले.

“बेटा, पाइप में हवा नहीं थी. मैंने तेरा कॉक बंद रख्या था.”

“मालूम था, चाचा,” मोदू म्हणाला. “पहले दिन से.”

“फिर बोल्या क्यों नहीं?”

“ग्यारह साल से दूसरों के मुल्क में हूँ. जहाँ झगड़ा किया, वहाँ से निकाला. सोचा, डेढ़ महीना चुप रहूँगा, फिर खेलूँगा.” त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. “आप अच्छे आदमी हैं, इसलिए रोज लगता था, आज खोलेंगे.”

सर्जेरावांना रडू आवरेना. मोदूनं मागं वळून पाहिलं नाही.

तो कुबड्या घेऊन मायदेशी गेला, त्या रविवारी सर्जेरावांनी सभा बोलावली. ते उभे राहिले.

“त्या पोराचा गुडघा मी मोडला,” ते म्हणाले. “नानासाहेबांनी सुचवलं, तुम्ही सगळे गप्प बसलात, पण हात माझा व्हता. या इमारतीत इथून पुढं कुणाचं पाणी जात बघून, रंग बघून, धर्म बघून बंद व्हणार नाय. ज्याला मंजूर नसेल त्यानं आत्ता, माझ्या तोंडावर सांगावं!”

नानासाहेब उठून निघून गेले. मुक्ताबाईंनी सगळ्यांत आधी होकाराचा हात वर केला. मग एकेक करून हात वर आले, पण सगळ्यांचे नाहीत.

वाचकहो, सर्जेराव सुधारले, हे खरं. पण ते पहिल्या दिवशी सुधारले असते, तर एक माणूस आज मैदानावर धावत असता. अन्याय करायला दुष्ट माणूसच लागतो असं नाही. शेजाऱ्यांना दुखवायचं नाही म्हणून गप्प बसणारा भला माणूस त्याला पुरतो. आपल्या हातून कुणाचं काही अडलेलं असेल, तर ते आजच सोडवा. येत्या पाण्याला नव्हे, आज. उशिरा आलेल्या शहाणपणानं सर्जेरावांना सभेत बोलण्याचं धैर्य दिलं. मोदूचा गुडघा मात्र कोणत्याही ठरावानं जुळला नाही.