चार सेकंद की आठ

बारक्या चांगला सहा फूट उंच होता, पण घरात शेंडेफळ म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दुपारी ताईच्या एडिटिंगच्या खोलीत शिरताना त्याला दारात वाकावं लागलं. हातात पेनड्राइव्ह होता. तीन दिवसांत तो धड जेवला नव्हता, हे ताईला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

ताई लग्नाचे, शाळेच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जोडून द्यायची. लोक पाच कॅमेऱ्यांचं पाच तऱ्हेचं शूटिंग तिच्या गळ्यात मारायचे आणि वर विचारायचे, "एवढ्याशा कामाला इतका वेळ?" तिचं डोकं फिरायचं. पण आज समोर सख्खा भाऊ होता.

बारक्या एका गोदामात मालाची लिफ्ट चालवायचा. सोमवारी एका हमालाचा पाय लिफ्टच्या चौकटीत अडकला, लिफ्ट वर जात राहिली आणि माणूस गेला. लिफ्ट थांबवायला बारक्याने उशीर केला, अशी कुजबुज सुरू झाली होती. आज पाच वाजता चौकशी होती.

"दोन क्लिपा आहेत," बारक्या म्हणाला. "एक गोदामाच्या कॅमेऱ्याची, तिला आवाज नाही. दुसरी बाहेर उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या मोबाईलची, तिच्यात नुसता आवाज कामाचा. दोन्ही एकत्र लाव. तो ओरडला आणि मी लगेच बटण दाबलं, एवढं दिसलं की झालं."

"लगेच दाबलंस ना?"

"ताई, आता तू पण?"

तिची तिलाच लाज वाटली. याला तिने कडेवर खेळवलं होतं.

तिने आधी कॅमेऱ्याची क्लिप लावली. ओरडताना हमालाचा हात वर गेला, तिथपासून लिफ्ट थांबेपर्यंत चार सेकंद. माणूस दचकणार, वळणार, मग बटण दाबणार; चार सेकंद म्हणजे काहीच नाही. ताईचा जीव भांड्यात पडला. क्लिपच्या कोपऱ्यात बटणापाशी उभ्या दिसणाऱ्या भावाकडे बघायची तिला गरजच वाटली नाही.

मग तिने खाली मोबाईलची क्लिप लावली. वर गेलेल्या हाताखाली ती किंकाळी नेमकी बसवली. पण मोटर बंद झाल्याचा आवाज आला तो आठव्या सेकंदाला.

"मोबाईलचाच घोळ असणार," मागे स्टुलावरून बारक्या म्हणाला. "दाबून बसव ना चारमध्ये."

तिने बसवून पाहिलं. किंकाळी पिपाणीसारखी चिरकली. गेलेल्या माणसाचा आवाज असा केला म्हणून तिला कसंतरीच झालं. तिने क्लिप होती तशी केली.

"तसा तो माझ्या वाईटावरच होता," बारक्या सहज बोलल्यासारखं बोलला. "साहेबांकडे चुगल्या करायचा."

ताईने ऐकलं, पण तिचं लक्ष कामात होतं. मोबाईलची एक खोड असते. उजेड कमी-जास्त झाला की सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, घ्यायच्या तेही तो बदलतो. तिने सगळा वेग एकसारखा करून घेतला. तरी आठच.

म्हणजे चूक वरच्या क्लिपमध्ये होती. तिने ती पुन्हा लावली आणि गोदामाच्या भिंतीवरचं घड्याळ मोठं करून पाहिलं. कॉम्प्युटरचा एक सेकंद होईपर्यंत तिथला सेकंदकाटा दोन घरं पुढे जात होता. माणसंही लगबगीने चालत होती. तिला वाटलं होतं, कामाची घाई असेल. गोदामाचा कॅमेरा जागा वाचवायला सेकंदाला बाराच फ्रेम घेत होता आणि फाईलवर लिहीत होता चोवीस. सॉफ्टवेअर बिचारं लिहिलेल्यावर विश्वास ठेवून सगळं दुप्पट वेगाने पळवत होतं.

तिने चोवीस खोडून बारा लिहिलं. क्लिप लांब झाली, वर गेलेल्या हाताला किंकाळी आणि थांबलेल्या लिफ्टला मोटर बंद झाल्याचा आवाज जुळला. एरवी अशा वेळी ती स्वतःलाच शाबासकी द्यायची. आता तिने बारक्या उभा होता तो कोपरा मोठा केला.

दुसऱ्या सेकंदाला बारक्याचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. चेहरा लिफ्टकडे होता. तो घाबरलेला नव्हता, गोंधळलेला नव्हता. तो बघत होता. तिसरा सेकंद, चौथा, पाचवा. किंकाळी थांबली. सातवा. मग बोट दाबलं गेलं.



"जुळलं?" अगदी जवळून आवाज आला. तो स्टुलावरून कधी उठला, तिला कळलंच नाही. तिच्या खांद्यावरून तो पडद्याकडे बघत होता. "मगाचंच बरं दिसत होतं, ताई. चोवीस कर परत."

"बारक्या, तुझा हात बटणावर होता रे."

"चोवीस कर."

फाईल बाहेर काढायचं बटण समोरच होतं. बारा असू दे आणि दाब, एवढंच करायचं होतं. तिचं बोट माउसवर गेलं आणि तिथेच राहिलं. तिला आईचा चेहरा आठवला, कडेवरचं पोर आठवलं. खोलीतलं घड्याळ टिकटिक करत होतं.

"बघ," बारक्या हळूच म्हणाला, "तुझाही हात थांबलाच ना?"

तिने बटण दाबलं. आकडा बाराच होता. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली: काम संपायला चार मिनिटं. मागे बारक्या दारापर्यंत गेला. तो बाहेर पडेल असं तिला वाटलं, पण त्याने आतून कडी लावली.